खिडकी नवी, फट मात्र तशीच: खिडक्या बदलल्यावर भिंतीतल्या फटींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात सध्या दोन प्रकारच्या खिडक्या निघताहेत. पेठांमधल्या जुन्या घरांतल्या सागवानी चौकटी आणि तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या अपार्टमेंटमधल्या झेड सेक्शनच्या लोखंडी खिडक्या. त्यांच्या जागी यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) किंवा ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग, म्हणजे सरकत्या खिडक्या येतात. खिडकी निवडताना लोक काच, रंग, जाळी, लॉक सगळं बघतात. खिडकी आणि भिंत यांच्यामध्ये जी जागा उरते, तिचा विचार पहिला पाऊस आत आल्यावरच होतो. खालचे प्रश्न त्या जागेबद्दल आहेत.

फॅब्रिकेटर (खिडकी बनवून बसवणारा) म्हणतो फट भरणं गवंड्याचं काम, गवंडी म्हणतो फॅब्रिकेटरचं. नक्की कोणाचं?

ज्याच्या कोटेशनमध्ये लिहिलं असेल, त्याचं. बहुतेक वेळा कोणाच्याच कोटेशनमध्ये ते नसतं, हेच दुखणं आहे. ‘फिटिंगसहित’ या शब्दाचा फॅब्रिकेटरच्या लेखी अर्थ स्क्रू मारून वरून सिलिकॉनची एक रेघ ओढणं इतकाच असतो. म्हणून ऑर्डर देण्यापूर्वीच तीन गोष्टी कागदावर घ्या. जुनी चौकट काढल्यावर तुटलेल्या कडा कोण दुरुस्त करणार? मधली पोकळी कशाने भरणार? बाहेरचं सीलंट, म्हणजे फट बुजवणारा रबरी लेप, कोणतं वापरणार? गवंडी आधी येतो, कडा सरळ करून जातो, त्या वाळल्यावर फॅब्रिकेटर अंतिम माप घेतो, हा क्रम बरोबर. उलट क्रम झाला की नव्याकोऱ्या फ्रेमवर सिमेंट सांडतं. ओलं सिमेंट ॲल्युमिनियमच्या पावडर कोटिंगवर आणि ॲनोडायझिंगवर कायमचे डाग पाडतं, ते पुसून जात नाहीत.

मुळात फट ठेवायचीच कशाला? बरोबर मापाची खिडकी करून घट्ट बसवता येत नाही का?

नाही. फ्रेम उन्हात वाढते आणि थंडीत आकसते. यूपीव्हीसी यात सगळ्यात पुढे. पाच फूट लांबीची पट्टी ४० अंशांच्या फरकाला तीन ते चार एमएम हलते. ॲल्युमिनियम त्याच्या निम्म्याहून कमी. सोलापुरात मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीवरची फ्रेम दुपारी हात लावू देत नाही आणि जानेवारीत पहाटे तीच गार पडलेली असते, तेव्हा ४० अंशांचा फरक हे काही पुस्तकी गणित नव्हे. जागा नसेल तर फ्रेम मधोमध फुगते, शटर (सरकणारं झडप) अडकतं, कधी कोपऱ्याचा जोड उघडतो. चारही बाजूंना साधारण १० एमएम, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत तीन सूत, जागा असली की काम नीट होतं. पाच एमएमपेक्षा कमी असेल तर आत काही भरताच येत नाही.

एवढ्या बारीक फटीनं असा काय फरक पडणार?

हिशेब करून बघा. चार बाय चारच्या खिडकीचा घेर १६ फूट. त्याभोवती १० एमएमची फट उघडी राहिली तर एकूण क्षेत्रफळ अर्ध्या चौरस फुटाच्या पुढे जातं. भिंतीला नऊ इंच लांब आणि साडेआठ इंच रुंद भोक पाडून ठेवलं तर ते कोणी चालवून घेईल का? फट सगळी उघडी नसते, मान्य. पण वरून सिलिकॉनची रेघ आणि आत पोकळी असली, की वर्ष-दोन वर्षांत ती रेघ एका बाजूने सुटते आणि वारा वाट शोधतो. जून-जुलैत पाऊस नसतानाही पश्चिमेचा कोरडा वारा सुटतो, तेव्हा खिडकीच्या कडेला भिंतीवर धुळीची जी तपकिरी किनार दिसते, ती तिथूनच येते.

फट नीट भरली तर खोली थंड होईल?

थोडी. यात कोणी जास्त आश्वासन देत असेल तर जपून राहा. उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरच्या खोलीत उष्णता मुख्यतः स्लॅबमधून येते, त्यानंतर काचेतून. फटीचा नंबर त्याच्या मागे. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांना फरक लगेच जाणवतो, कारण गार हवा बाहेर जाणं आणि झळा आत येणं दोन्ही थांबतं. एसी नसलेल्यांना धूळ, आवाज आणि पाणी यांतला फरक आधी दिसेल. रस्त्याकडच्या खोलीत तर आवाजातला फरक पहिल्याच रात्री कळतो.

कूलरवाल्यांसाठी वेगळं सांगायचं. कूलरला आत आलेली हवा बाहेर जायला वाट लागते. फटी बंद केल्यावर ‘कूलर आता दमट मारतो’ अशी तक्रार येते. तिचा उपाय कूलरच्या समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवणं हा आहे, फट पुन्हा मोकळी करणं हा नाही.

सरळ सिमेंट भरून टाकलं तर? आमचे आजोबा तेच करायचे.

आजोबांची चौकट सागवानी होती, जाड होती आणि होल्डफास्टने, म्हणजे लोखंडी पट्ट्यांनी, भिंतीत धरलेली होती. तरीही लाकूड आणि गिलावा यांच्यामध्ये केसाएवढी चीर दरवर्षी पडायचीच, ती दिवाळीच्या रंगात झाकली जायची. आजची प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची पातळ फ्रेम सिमेंटला धरत नाही. सिमेंट कडक, फ्रेम हलणारी, त्यामुळे वर्षाच्या आत दोघांमध्ये चीर ठरलेली. शिवाय सिमेंट उष्णता रोखत नाही. त्याच जाडीचा पीयू फोम, म्हणजे डब्यातून मारल्यावर फुगून वाळणारा फेस, सिमेंटच्या गिलाव्याच्या मानाने पंधरा-वीस पट कमी उष्णता पुढे जाऊ देतो.

सिमेंटचं काम भिंतीची कड तयार करण्यापुरतं. कडेपासून फ्रेमपर्यंतच्या शेवटच्या तीन सुतांत सिमेंट नको.

चौकट काढल्यावर फट तीन सूत नाही, तीन इंच निघाली. आता?

हे जवळजवळ प्रत्येक जुन्या घरात होतं. होल्डफास्ट उपसताना विटा हलतात, कोपऱ्यातून ढेकळं पडतात. झेड सेक्शनची खिडकी काढताना तिच्या लग्जच्या (भिंतीत रुतलेल्या लोखंडी पायांच्या) जागी मुठीएवढी भोकं राहतात. एवढ्या जागेत फोम मारत सुटणं म्हणजे पैसे हवेत उडवणं. फोम जाड थरात आतून नीट वाळत नाही आणि त्याच्यावर गिलावा टिकत नाही.

आधी सुटलेलं सगळं काढा. थापीच्या मुठीने ठोकत जा, जिथे पोकळ आवाज येईल तिथलं काढून टाका, दया दाखवू नका. मग ब्रशने धूळ झाडा आणि पाणी मारा. कोरड्या विटेवर मसाला लावला तर वीट त्यातलं पाणी ओढून घेते आणि मसाल्याची नुसती भुकटी राहते. विटांचे तुकडे आणि १:४ मसाल्याने (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) कड बांधून घ्या. जुन्या-नव्याच्या जोडावर बाँडिंगचं लिक्विड मिसळलेला सिमेंटचा रबडा ब्रशने लावा आणि तो ओला असतानाच मसाला चढवा. एक इंचापेक्षा जास्त जाडी एका थरात नको. ओळंबा लावून कड सरळ करा, कारण तिरक्या कडेमुळे फट वर तीन सूत आणि खाली एक इंच होते. मग ती कोणत्याच मालाने धड भरली जात नाही.

नंतर किमान सात दिवस पाणी. इथे नळाला रोज पाणी येत नाही आणि ‘प्यायला पुरेना, भिंतीला कुठून घालू’ हे वाक्य ऐकायला मिळतंच. ओलं गोणपाट कडेला अडकवून ठेवलं तर सकाळ-संध्याकाळ एकेक तांब्या पाणी पुरतं.

आमचं घर माळवदाचं, भिंती दगड-मातीच्या. हेच सगळं लागू पडतं का?

नाही, आणि इथे घाई केली तर नुकसान खिडकीपुरतं राहत नाही.

पहिला मुद्दा वजनाचा. दोन फुटी भिंतीतली जुनी चौकट कधीकधी वरच्या बांधकामाचा भार पेलत असते. वरची लाकडी तुळई वाकलेली किंवा पोखरलेली असेल तर चौकट ओढून काढताच वरचे दगड खाली येतात. आधी टेकू द्या, तुळई तपासा, जाणत्या इंजिनिअरला दाखवा, मगच हात लावा.

दुसरा मुद्दा: चौकट काढायलाच हवी का? सागवान ठोकून बघा. खणखणीत वाजत असेल, खालचा आडवा भाग कुजलेला नसेल, तर ती ठेवा आणि तिच्यात नवी झडपं बसवा. माझं स्पष्ट मत असं, की धड असलेली सागवानी चौकट काढून तिथे पांढरं प्लास्टिक बसवणं हा तोट्याचा सौदा आहे. चौकट आणि भिंत यांच्यातली चीर चुन्याच्या मसाल्यात थोडा ताग कालवून भरता येते.

काढावीच लागली तर मातीच्या सांध्यात नुसता सिमेंटचा मसाला थापू नका. माती ओलावा घेते आणि सोडते, सिमेंट तो अडवतं. अडलेला ओलावा मागची माती भुसभुशीत करतो आणि काही वर्षांनी सिमेंटचा तो तुकडा अख्खा सुटून हातात येतो. तिथे दगडाच्या चिपा आणि चुना-वाळूचा मसाला बरा. चुना सावकाश घट्ट होतो, तेवढा धीर धरा. खिडकीचे स्क्रू मातीच्या सांध्यात कधीच धरत नाहीत, ते दगडात किंवा आत बसवलेल्या कडप्प्याच्या चौकटीत जायला हवेत. आणि ड्रिल मारताना हॅमर मोड बंद ठेवा. हादऱ्याने मातीचे सांधे सुटतात, पलीकडच्या खोलीतला गिलावा पडतो आणि मग शेजारी, भाऊबंद सगळे जमतात.

जुन्या चौकटीला वाळवी होती. फोम मारला की वाळवी येणार नाही ना?

येईल. वाळवी फोम खात नसली तरी त्यातून सहज बोगदे करून पुढे जाते, आणि फोमच्या मागे ती दिसतही नाही. चौकट काढल्यावर उघडी पडलेली जागा म्हणजे औषध मारायची एकमेव चांगली संधी. मातीच्या नळ्या खरवडा, लाकडाची जुनी पाचर, खुंट्या, भुसा सगळं बाहेर काढा, औषध मारून घ्या, ते पूर्ण वाळू द्या. त्यानंतरच फट बंद करा.

फोम नेमका कसा मारायचा? दुकानात दोन-तीन प्रकारचे डबे दिसतात.

डब्यावर ‘लो एक्स्पान्शन’ किंवा ‘विंडो अँड डोअर’ लिहिलेलं बघून घ्या. साधा फोम इतका जोरात फुगतो की फ्रेमची उभी बाजू आत दाबली जाते, आणि काल सहज सरकणारं शटर आज मधेच अडतं.

आधी एक गोष्ट पक्की करा: फोम खिडकी धरून ठेवत नाही. खिडकी धरतात ते स्क्रू. ते कोपऱ्यापासून सहा इंचांवर आणि पुढे दर दोन फुटांवर हवेत. स्क्रूच्या जागी फ्रेम आणि भिंत यांच्यात प्लास्टिकचे पॅकिंगचे तुकडे राहू द्या. लाकडी पाचरी मात्र काढून टाका, त्या ओल धरून फुगतात.

मग फ्रेमला चिकटपट्टी लावा, शटर बंद ठेवा. फटीतली धूळ झाडून स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारा. ही पायरी सोलापुरात सोडूच नका. हा फोम हवेतल्या आणि भिंतीतल्या ओलाव्यावर वाळतो, आणि एप्रिल-मेच्या आपल्या कोरड्या हवेत तो आतून कच्चा राहतो. दोन दिवसांनी बोटाने दाबला तर बसतो. डबा अर्धा मिनिट चांगला हलवा, उलटा धरा, खालून वर या आणि फट फक्त निम्मी भरा. बाकीची तो स्वतः भरतो. आठ-दहा मिनिटांत वरची साय धरते. तेवढ्या वेळात बोट लावून बघायचा मोह आवरा, कारण हाताला लागलेला फोम आठवडाभर जात नाही. तासाभराने तो कापता येतो, पण पूर्ण वाळायला एक दिवस द्या. धारदार कटरने फ्रेमच्या पातळीपेक्षा इतका आत कापा, की पुढच्या थराला जागा राहील.

काम सकाळी करा. तापलेल्या डब्यातला फोम पातळ होऊन ओघळतो. डबा गाडीच्या डिकीत किंवा गच्चीवर उन्हात ठेवू नका, ५० अंशांच्या वर तो फुटू शकतो. त्यातला वायू पेट घेणारा असतो. बाजूला गॅस, बिडी, उदबत्ती काही नको. हातमोजे, चष्मा घाला आणि दारं उघडी ठेवा. ओला फोम ॲसिटोनने निघतो, वाळलेला फक्त खरवडूनच.

थर्मोकोलचे तुकडे, पेपरचे बोळे, जुन्या चादरीच्या चिंध्या?

चादर सोलापुरी असली तरी नको. कापड आणि कागद ओल धरतात आणि झुरळांची सोय करतात. थर्मोकोल कापून बसवला तर त्याच्या कडेने फट राहतेच.

फोम मारला, दिसायला घट्ट आहे. मग बाहेरून आणखी काही कशाला?

कारण फोम ऊन सोसत नाही. उघडा राहिला तर काही महिन्यांत पिवळा, मग तपकिरी होतो आणि नखाने खरडलं तरी भुगा पडतो. शिवाय तो पाणी अडवण्यासाठी नाहीच. बाहेरच्या थराने पाणी अडवायचं, मधल्याने झळा आणि आवाज, आतल्याने धूळ. बाहेरचा थर हुकला की मधला कितीही चांगला असला तरी भिजतो.

बाहेर आधी बॅकर रॉड, म्हणजे फोमची गोल दोरी, दाबून बसवा. १० एमएमच्या फटीला १२-१३ एमएमची दोरी, म्हणजे ती स्वतःच धरून राहते. तिच्यावर सीलंट साधारण सहा एमएम खोल. दोरीचं खरं काम असं, की सीलंट फक्त भिंत आणि फ्रेम या दोनच बाजूंना चिकटावं. मागच्या बाजूलाही चिकटलं तर फ्रेम हलताना ते तिन्हीकडून ताणलं जातं आणि फाटतं.

सिलिकॉन घेताना ‘न्यूट्रल’ मागा. नळीतून व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ते ॲसिटिक. काचेला चालेल, पण ते सिमेंटला नीट धरत नाही आणि धातू गंजवतं. सिलिकॉनवर रंगही बसत नाही. भिंतीच्या रंगात मिळवून घ्यायचं असेल तर बाहेर पीयू किंवा हायब्रिड सीलंट आणि आतून ॲक्रिलिक वापरा. चिकटवण्यापूर्वी कड कोरडी आणि स्वच्छ हवी. धुळीवर लावलेलं सीलंट धुळीला चिकटतं, भिंतीला नाही.

पाणी नेहमी खालूनच का येतं?

कारण सगळं पाणी शेवटी तिथेच जमतं. आणि नेमकी खालचीच बाजू सर्वांत आळसाने केली जाते, कारण तिथे हात घालायला वाकावं लागतं.

खिडकीखालचा कडप्पा किंवा शहाबादी बाहेरच्या बाजूला उतरती हवी. एका बादलीनं पाणी ओतून बघा: ते बाहेर पळालं पाहिजे, फ्रेमकडे रेंगाळता कामा नये. दगड भिंतीच्या बाहेर दीड-दोन इंच आलेला असावा आणि त्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून थोडी आत, कटरने मारलेली एक खाच असावी. खाच नसेल तर पाणी दगडाच्या पोटाखालून उलटं भिंतीकडे येतं आणि खालच्या गिलाव्यात शिरतं. दगड आणि फ्रेम यांच्यामध्ये नुसता फोम ठेवू नका. तिथे सीलंट हवंच, आणि दगडाच्या दोन्ही टोकांना भिंतीशी मिळतो तिथेही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने लहान लांबट भोकं असतात. ती पाणी बाहेर जायला असतात. ‘भोक राहिलंय’ म्हणून अतिउत्साही कारागीर तीही सिलिकॉनने बुजवतो. मग वळवाच्या पावसात ट्रॅक भरतो आणि पाणी आत, सोफ्यावर. ती मोकळी ठेवा, आणि आपल्याकडच्या धुळीमुळे मे महिन्यात एकदा जुन्या टूथब्रशने साफ करा.

सगळं भरलं, तरी गळतंय. कुठून ते कसं शोधायचं?

अंदाजाने सिलिकॉन मारत बसू नका. एक जण आत, एक जण बाहेर पाइप घेऊन. खालच्या दगडापासून सुरुवात करा, तिथे पाच मिनिटं पाणी मारा, आत काही दिसलं नाही तर उभ्या बाजू, मग वरची. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काही कळत नाही. चारही बाजू कोरड्या राहिल्या आणि तरी पावसात ओल येत असेल तर दोष फटीचा नाही. छज्जा आणि भिंत यांच्या सांध्यात किंवा वरच्या भिंतीतल्या तड्यात बघा.

कोणत्या महिन्यात काम काढावं?

दिवाळीनंतर, फेब्रुवारीपर्यंत. परतीचा पाऊस गेलेला असतो, भिंती वाळलेल्या असतात, मसाल्याला ऊन फार लागत नाही आणि फोमलाही हवा मानवते. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत कारागीर मिळणं अवघड, तेवढं धरून चला. मे महिन्यात केलंच तर वळवाच्या आधी बाहेरचं सीलंट पूर्ण व्हायला हवं. आपल्याकडे सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, खरी परीक्षा तेव्हा. शेवटचे पैसे तोपर्यंत अडवून धरायला कोणी तयार होणार नाही, पण पाइपने पाणी मारून बघितल्याशिवाय हिशेब पूर्ण करू नका.

सामान किती आणावं?

चार बाय चारच्या खिडकीला, १० एमएम फट धरून, ३०० एमएलची सीलंटची एक नळी एका बाजूच्या पूर्ण घेराला जेमतेम पुरते. आत-बाहेर मिळून दोन. फोमचा ७५० एमएलचा डबा कागदावर दहा खिडक्या सांगतो, प्रत्यक्षात पाच-सहा धरा. एकदा सुरू केलेला साध्या नळीचा डबा दुसऱ्या दिवशी बहुधा चालत नाही, म्हणून सगळ्या खिडक्यांचा फोम एकाच सकाळी उरका.

तिसऱ्या मजल्यावर बाहेरून सीलंट कसं लावणार?

शटर बसवण्यापूर्वी, उघड्या फ्रेममधून हात बाहेर काढून बरंच काम आतूनच होतं. म्हणून शटर आणि जाळी शेवटी बसवायला सांगा. जे पोचत नाही त्याला वरून दोरांनी टांगलेली पालखी किंवा झोला, आणि कारागिराच्या कमरेला पट्टा. छज्जावर उभं राहून ‘दोनच मिनिटांचं काम आहे’ म्हणणाऱ्याला खाली उतरवा.

बाथरूमचा व्हेंटिलेटरही असाच बंद करून टाकू का?

त्याच्या चौकटीभोवतीची फट भरा, पण झडपं बंद करू नका. आत गॅस गिझर असेल तर अजिबात नाही. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर ऑक्सिजन संपवतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार करतो, त्याला वास नसतो. गिझर बाहेर हलवणं उत्तम, आणि तोवर व्हेंटिलेटर उघडा.